अल्पाकाच्या पिल्लाचे स्वागत

आपल्या आजोबा-पणजोबांच्या काळी वकील, शिक्षक आणि कचेरीतील कारकून वजनाला हलका व किंचित चकाकणारा असा एक काळा कोट घालीत असत. त्यास 'अल्पाकाचा कोट' असे म्हणत. तो कोट अंगात घालून कोर्टाची पायरी चढणाऱ्यांपैकी फारच थोड्यांनी अल्पाका हा प्राणी चित्रात तरी पाहिला असेल. इंग्लंडातील ब्रॅडफर्ड येथील गिरणीमालक टायटस सॉल्ट यांनी सन १८३६ च्या सुमारास अल्पाकाची लोकर यंत्रावर कातण्यास आरंभ केला, आणि मग ते कापड देशोदेशी जाऊ लागले. अशा रीतीने या प्राण्याचे नाव आपल्या भाषेत आले. प्राणी मात्र सातासमुद्रांपलीकडे, आपल्या डोंगरातच राहिला.

तो डोंगर म्हणजे दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वत. पेरू या देशाच्या दक्षिण भागात, समुद्रसपाटीपासून सुमारे ४००० मीटरांहून अधिक उंचीवर, विस्तीर्ण उघडी माळराने आहेत. त्यांना तेथील लोक 'पुना' म्हणतात. तेथे झाड सहसा दिसत नाही. बटाट्याचे पीकही एका उंचीपर्यंत येते आणि तेथेच थांबते. त्याच्यावर उगवते ते केवळ राठ गवत. जेथे नांगर चालत नाही तेथे माणसाने जगावे कसे? या प्रश्नाचे उत्तर पुनावरील लोकांनी सुमारे ६००० वर्षांपूर्वीच शोधून काढले. व्हिकुन्या नावाच्या रानटी प्राण्याला त्यांनी पिढ्यान् पिढ्या माणसाळवले आणि त्यापासून अल्पाका घडवला. आजही जगातील बहुतेक अल्पाका पेरू देशातच आहेत.

अल्पाका हा उंटाच्या कुळातला; परंतु त्याच्या पाठीवर मदार नसते आणि अंगलटीने तो एखाद्या मोठ्या मेंढीहून थोडा उंच एवढाच असतो. मान लांब, डोळे टपोरे, कान टोकदार आणि अंगभर दाट, मऊ लोकर. पांढरा, करडा, तांबूस, तपकिरी, काळा असे तिचे नाना रंग असतात. त्याच्या पायांना कठीण खूर नसून मऊ गादी असते, म्हणून तो चालला तरी कुरणाची माती उकरली जात नाही. गवतही तो मुळासकट उपटीत नाही; वरचे वर कुरतडून घेतो. उंचावरील विरळ हवेतूनही पुरेसा प्राणवायू शोषून घेईल असे त्याचे रक्त असते. स्वभावाने तो गरीब असतो. मन अस्वस्थ झाले की नाकातल्या नाकात 'हूं' असा बारीक स्वर काढतो, आणि फारच राग आला तर थुंकतो!

या प्राण्यांचे मोठमोठे कळप बाळगणारे श्रीमंत थोडे. चाळीस-पन्नास जनावरे, दगडी भिंतींचा वाडा, गवताने किंवा पत्र्याने शाकारलेले लहानसे घर आणि राबणारी घरचीच माणसे, असा संसार असणारी कुटुंबे पुष्कळ. लोकरीची कातरणी वर्षातून एकदा होते. त्या लोकरीच्या पैशांतून मीठ, तांदूळ, मुलांची पुस्तके आणि औषधपाणी हे सारे भागवावयाचे. अल्पाकाची लेंडीसुद्धा वाया जात नाही. वाळलेली लेंडी चुलीत जळते आणि खालच्या अंगाच्या बटाट्याच्या शेतास तिचे खत होते.

अशा घराची सारी आशा कळपात जन्मणाऱ्या पिल्लांवर असते. अल्पाकाची मादी साडेअकरा महिने गाभण राहते आणि एका वेळी एकाच पिल्लाला जन्म देते. जुळे होणे फारच दुर्मिळ. म्हणजे पिल्लू दगावले की त्या मादीचे एक वर्ष व्यर्थ गेले. पिल्लाचे वजन जन्मतः जेमतेम सहा ते आठ किलो, पाय काडीसारखे, आणि भोवती थंडी, गारा, कोल्हा आणि आकाशात घिरट्या घालणारे काँडर गिधाड! तेव्हा पिल्लाच्या स्वागताला या लोकांच्या घरी काय महत्त्व असेल, याची कल्पना करा.

कुस्को आणि पुनो या दोन प्रांतांच्या सीमेवर ला राया नावाची एक खिंड आहे. तिची उंची सुमारे ४३०० मीटर. त्या बाजूच्या एखाद्या लहानशा घरी पिल्लाच्या जन्माचा दिवस कसा जातो, ते आता मनश्चक्षूंनी पाहू या.

जानेवारी महिना आहे. विषुववृत्ताच्या दक्षिणेस या दिवसांत उन्हाळा असतो आणि पाऊसही याच दिवसांत पडतो. माळावर कोवळे गवत आले आहे, म्हणून पिल्ले जन्मण्याचा हंगामही हाच. तरीही पहाटे गवताच्या पात्यांवर हिव गोठून पांढरे झालेले असते. घरात आजी, आई, वडील आणि बारा वर्षांची एक मुलगी आहे. तिला सध्या शाळेची सुट्टी आहे.

ही मुलगी आज कळपातील एका तांबूस मादीपासून हलावयास तयार नाही. त्याला कारण आहे. अँडीजमधील लोकांत लहान मुलाचे पहिले केस कापण्याचा एक समारंभ असतो. आपल्याकडील जावळासारखाच म्हणा ना. त्या वेळी जवळची माणसे बाळाची एकेक बट कापतात आणि पैसे किंवा एखादे जनावर त्याला भेट देतात. या मुलीला तिच्या समारंभात अल्पाकाची एक मादी मिळाली होती. ही तांबूस मादी त्याच जनावराची मुलगी. वय तीन वर्षे आणि पहिलारू. तिला होणारे पिल्लू हे मुलीच्या स्वतःच्या कळपाची वाढ होणार होते.

सकाळी आठ वाजता कळप माळावर पांगतो. परंतु तांबूस मादी मागे रेंगाळते. ती बसते, उठते, पुन्हा बसते. चरण्यात तिचे लक्ष नाही. आजी लांबूनच म्हणते, "आज व्याणार ही. ऊन आहे तोवर मोकळी होऊ दे म्हणजे झाले."

आजीच्या या बोलण्यात फार मोठे तथ्य आहे. अल्पाकाच्या माद्या बहुधा सकाळी किंवा दुपारच्या आतच वितात. पुनावर दुपारनंतर ढग दाटतात, गारा पडतात आणि रात्री कडाक्याची थंडी पडते. संध्याकाळी जन्मलेले ओले पिल्लू त्या थंडीत टिकणार कसे? सकाळी जन्मलेल्या पिल्लाला मात्र अंग वाळवण्यास, उभे राहण्यास आणि दूध पिण्यास उन्हाचे काही तास मिळतात. हजारो वर्षे याच माळावर जगताना या प्राण्याच्या अंगी ही सवय मुरली आहे.

थोड्याच वेळात मादी उभ्यानेच विऊ लागते. प्रथम पिल्लाचे नाक आणि पुढचे दोन पाय दिसतात. पिल्लू अर्धे बाहेर, अर्धे आत, डोके खाली असे लोंबकळत राहते. मुलीचा जीव कासावीस होतो.

"आजी, अडकलं ग ते! मी पाय धरून ओढू का?"

"नको ग बाई, मुळीच हात लावू नकोस," आजी तिचे मनगट धरून म्हणते, "नाक आधी दिसलं ना? पाय सरळ आहेत ना? मग सगळं ठीक आहे. डोकं खाली असलं म्हणजे नाकातलं पाणी आपोआप गळून जातं. आपण घाई केली तर दोघांनाही इजा होईल."

आजीने सांगितले तसेच होते. पिल्लाच्या नाकातून पाणी ठिबकते, ते एकदा फुरफुरते, आणि काही क्षणांतच सबंध पिल्लू गवतावर येऊन पडते. ते मादी आहे, आणि आईसारखेच तांबूस!

गाय आपल्या वासराला चाटूनपुसून कोरडे करते, हे तुम्ही पाहिले असेल. अल्पाका तसे करीत नाही. तिची जीभ तोंडाबाहेर फारशी येतच नाही. ती फक्त मान वाकवून पिल्लाला हुंगते आणि नाकातून 'हूं हूं' असा स्वर काढीत राहते. पिल्लूही तसाच बारीक प्रतिसाद देते. आईने पिल्लाचा वास व आवाज ओळखावयाचा आणि पिल्लाने आईचा. पुढे पन्नास जनावरांच्या कळपात दोघे एकमेकांना शोधतात ते याच ओळखीवर. म्हणून या वेळी माणसांनी मध्ये गर्दी करावयाची नसते. आजी फक्त दोन कामे करते. पिल्लाच्या नाकातोंडावर चिकटलेला पातळ पापुद्रा कोरड्या फडक्याने दूर करते आणि नाळेच्या टोकाला आयोडीन लावते, म्हणजे तेथून रोगजंतू आत शिरत नाहीत. अंगावरचा उरलेला पापुद्रा उन्हात वाळून आपोआप गळून पडेल.

एवढ्यात कळपातील इतर माद्या चरणे सोडून एकेक करून जवळ येतात. प्रत्येक जण मान लांबवून नव्या पिल्लाला हुंगते आणि परत जाते. आपल्याकडे बाळंतिणीच्या घरी आयाबाया बाळ पाहण्यास येतात ना, तसाच हा प्रकार! मुलीचे वडील मात्र टेकाडावर उभे राहून दूरवर दृष्टी लावून आहेत. त्यांच्या हातात लोकरीच्या दोराची विणलेली गोफण आहे. ओल्या पिल्लाचा आणि वारेचा वास कोल्ह्याला लांबून लागतो. वार पडली की आई ती उचलून दूर नेऊन पुरून टाकील.

पिल्लू आता उठण्याची खटपट करू लागते. मागचे पाय उचलते तो पुढचे कोलमडतात. पुढचे सावरते तो मागचे फाकतात. चार वेळा ते नाकावर आपटते. मुलीला राहवत नाही; परंतु आजी तिला थोपवते. पडण्या-उठण्यानेच त्याच्या पायांत बळ येते आणि अंगात ऊब येते. तासाभराने पिल्लू चारही पायांवर उभे राहते आणि तसेच झोकांड्या खात आईच्या पोटाशी जाते.

येथपर्यंत सारे सुरळीत झाले. खरी काळजी पुढेच होती. पिल्लू कास शोधू लागले की पहिलारू मादी बावरते आणि बाजूला सरते. पिल्लू पुन्हा जाते. ती पुन्हा सरते. सूर्य माथ्यावर आला तरी पिल्लाच्या पोटात दुधाचा थेंब नाही. पश्चिमेकडे काळे ढग उठू लागतात. पिल्लू थकून खाली बसते, आणि त्याची मान कलू लागते.

आता आजीच्या कपाळावर आठ्या पडतात. व्याल्यानंतरचे पहिले दूध म्हणजे चीक. आपण त्याचा खरवस करून आवडीने खातो. परंतु पिल्लाच्या दृष्टीने तो जीवन-मरणाचा प्रश्न असतो. मनुष्याच्या बाळाला रोगांशी झुंजण्याची काही शक्ती आईच्या पोटातच मिळालेली असते. अल्पाकाच्या पिल्लाला ती तशी जवळजवळ मिळतच नाही. ती चिकातून मिळवावी लागते. त्यातही पिल्लाचे आतडे ही शक्ती शोषून घेते ते पहिल्या काही तासांतच उत्तम रीतीने. एक दिवस उलटला की ते दार जवळजवळ बंद होते. चिकाशिवाय राहिलेले पिल्लू त्या रात्रीच्या थंडीतून वाचले, तरी पुढे साध्या हगवणीनेही दगावते.

"आता मात्र हात लावायला हवा," आजी म्हणते. "तू तिची मान धर. घट्ट नको, हळू धर. आणि तिच्याशी बोलत राहा."

मुलगी मादीच्या मानेभोवती हात टाकते आणि तिच्या कानाशी हलक्या आवाजात बोलू लागते. आजी वाकून सडांना हात घालते. सडांच्या तोंडाशी मेणासारखा दट्टा बसलेला असतो. आजी एकेका सडाचा दट्टा बोटांनी मोकळा करते आणि चार थेंब पिळून पाहते. पिवळसर, घट्ट चीक बाहेर येतो. मग ती पिल्लाला उठवून कासेशी आणते. त्याचे तोंड जबरीने सडाला लावीत नाही. फक्त त्याच्या ओठांना चिकाचा थेंब लावते आणि वाट पाहते.

पिल्लू ओठ चाटते. मान वर करते. एकदा चुकते, दुसऱ्यांदा चुकते, आणि तिसऱ्या वेळी सड तोंडात धरते. मादी दचकते, परंतु मुलीच्या हातांखाली ती थरथरत उभी राहते. थोड्या वेळाने तिच्या अंगातली थरथर थांबते, आणि ती मान वळवून पिल्लाच्या पाठीला हुंगते.

"शेपूट बघ त्याची!" आजी हळूच म्हणते.

पिल्लाची चिमुकली शेपूट वर उचलून पाठीवर वळली आहे. पोटात दूध जात असल्याची ती खूण. मुलीच्या डोळ्यांत पाणी येते. पण मादी बिचकेल म्हणून ती हात काढीत नाही.

तेवढ्यात पहिली गार दगडावर टणकन आपटते. वडील हाका घालीत कळप वाड्याकडे वळवतात. आजी पिल्लाला उचलून घेते, परंतु छातीशी कवटाळून धावत सुटत नाही. ती त्याला खाली, आईच्या नाकासमोर धरून हळूहळू चालते. मादी पिल्लाचा वास घेत पाठोपाठ येते. पिल्लू एकटेच घरात नेले असते, तर मायलेकरांची नुकतीच जुळलेली ओळख तुटली असती. वाड्यातील पत्र्याच्या छपराखाली, कोरड्या जागी दोघांना ठेवतात. चिखलाच्या जागी पिल्लाला हगवण लागते आणि तेथील कळपांत ती फार पिल्ले नेते, म्हणून कोरडी जागा राखून ठेवलेली असते. मुलगी आपल्या जुन्या लोकरीच्या अंगरख्याने पिल्लाचे अंग झाकते. रात्री ती दोनदा उठून कंदील घेऊन जाते. दुसऱ्या वेळी पिल्लू आईच्या कुशीला लागून दूध पीत असते.

फेब्रुवारी-मार्चमध्ये त्या भागात कार्निव्हलचा सण येतो. तेव्हा नव्या पिल्लांच्या कानांत रंगीत लोकरीचे गोंडे बांधतात आणि 'पाचामामा' म्हणजे धरणीमाता, तिचे आभार मानतात. आपल्याकडे बैलपोळ्याला शिंगांना रंग व गोंडे बांधतात, त्याची या वेळी कोणालाही आठवण व्हावी. या तांबूस पिल्लासाठी मुलीने गुलाबी गोंडा आधीच विणून ठेवला आहे. परंतु सहा-आठ महिन्यांनी दूध तुटेपर्यंत, आणि जून ते ऑगस्टपर्यंतची कडाक्याची थंडी निभावेपर्यंत, आजी त्याला कळपात मोजणार नाही.

सन १५३२ मध्ये स्पॅनिश लोक पेरूमध्ये आले. त्यानंतर अल्पाकांचे कळप झपाट्याने घटले आणि उरलेले या उंच माळांवरच तगून राहिले. ते तगले ते अशाच आज्यांमुळे व अशाच मुलींमुळे. संयुक्त राष्ट्रांनी सन २०२४ हे उंटकुळातील प्राण्यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून पाळले, त्या वेळी अशा पशुपालकांच्या कष्टांकडे जगाचे लक्ष वेधण्यात आले.

नव्या जीवाचे स्वागत म्हणजे त्याला उचलून घेणे व कौतुक करणे, असे आपणांस वाटते. त्या आजीचे स्वागत निराळे होते. सकाळी तिने नातीचा हात दोनदा मागे ओढला, आणि दुपारी तोच हात पुढे करावयास सांगितले. केव्हा थांबावे आणि केव्हा मदतीस धावावे, हे ज्याला कळते, त्याच्या हाती लहान जीव सुखरूप राहतो. ही समज पुस्तकातून थोडी मिळते. बाकीची, जनावरांजवळ शांतपणे उभे राहून, डोळे उघडे ठेवून मिळवावी लागते.

शब्दार्थ

पहिलारू – पहिल्यांदाच विणारी. मदार – उंटाच्या पाठीवरचा उंचवटा. हिव – गोठलेले दव. वार – पिल्लाच्या जन्मानंतर बाहेर पडणारे आवरण. चीक – व्याल्यानंतरचे पहिले दूध. कास – जनावराचे दूध साठणारे अंग. मनश्चक्षू – मनाचे डोळे.

स्वाध्याय

१. अल्पाकाच्या माद्या बहुधा सकाळी वितात, याचा पिल्लांना कोणता लाभ होतो?

२. कारणे द्या : (अ) पिल्लू अर्धे बाहेर आले असता आजीने नातीला ओढू दिले नाही. (आ) आजीने पिल्लू आईच्या नाकासमोर धरून नेले. (इ) वाड्यात कोरडी जागा राखून ठेवली होती.

३. 'ते दार जवळजवळ बंद होते' या वाक्यातील 'दार' म्हणजे काय, ते तुमच्या शब्दांत सांगा.

४. आजीने केव्हा हात मागे घेतला व केव्हा पुढे केला? तिच्या वागण्यातील फरक दहा ओळींत लिहा.

५. गाईचे वासरू, म्हशीचे रेडकू, शेळीचे करडू. याप्रमाणे मेंढी, घोडी व हरिणी यांच्या पिल्लांची नावे लिहा. अल्पाकाच्या पिल्लास स्पॅनिश भाषेत 'क्रिआ' म्हणतात. मराठीत त्याला कोणते नाव शोभेल, ते सुचवा.

६. तुमच्या घरी किंवा शेजारी गाय, म्हैस अगर शेळी व्याली असेल, तर घरच्या वडीलधाऱ्या माणसांनी काय काय केले ते विचारून लिहून आणा.